पिल्लांचे किती?

गुहेच्या शेवटच्या खोलीत आठ पिल्लं होती. गॉब्लिनची, म्हणजे ठेंगण्या राक्षसांची. त्यांच्या पुढ्यात एक म्हातारी गॉब्लिनीण, टोपलीचं झाकण ढालीसारखं धरून उभी. बाकी सगळं आटोपलं होतं. बोळात अकरा धडधाकट गॉब्लिन आडवे पडले होते, आमच्यातल्या कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं आणि स्वयंपाकघरातून पावभाजीचा वास सुटला होता.

हे सगळं कोथरूडमधल्या एका तिसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाशी चाललं होतं. आम्ही पाच जण गेली सहा वर्षं जमेल त्या शनिवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांना हा प्रकार चमत्कारिक वाटतो. चाळिशीला टेकलेली माणसं, समोर कागद, पेन्सिली, वीस बाजूंचे फासे, आणि कुणीतरी अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणतंय, "मी दाराला कान लावते." चौघं एकेक पात्र घेऊन खेळतात. पाचवी मी, डीएम. म्हणजे गोष्ट पुढे नेणारी, वाटेत भेटेल त्याचं सोंग आणणारी आणि नियमांवरून वाद झाला की निकाल देणारी. कीर्तनकार, सोंगाड्या आणि तंटामुक्ती समिती, सगळं एकाच खुर्चीत.

त्या संध्याकाळचा नायक होता विश्वासराव, आमचा पॅलाडिन. पॅलाडिन म्हणजे शपथ घेतलेला धर्मयोद्धा. त्याला असलं भरभक्कम नाव देणारा आमचा मित्र पेशाने सीए आहे. पाकोळी ही चोर. तिला खेळवते माझी मामेबहीण, जी एरवी शाळेत पाचवीला गणित शिकवते. शिवाय एक क्लेरिक, म्हणजे देवाचा पुजारी, आणि एक जादूगार.

"पुस्तकात काय लिहिलंय यांच्याबद्दल?" विश्वासरावाने विचारलं.

मी वाचून दाखवलं. न्यूट्रल ईव्हिल.

"झालं तर मग."

"काय झालं तर मग?" पाकोळी म्हणाली. "पोरं आहेत रे ती."

"गॉब्लिनची पोरं आहेत. आज सोड, दहा वर्षांनी त्याच गावावर चालून येतील. आणि तोवर यांना खायला कोण घालणार? तू?"

ती काही बोलली नाही. मग तासभर रण माजलं. क्लेरिकचं म्हणणं, गावातल्या देवळात नेऊन ठेवू. जादूगाराला एक पाळायला हवं होतं. गावकरी ठेवून घेतील का, म्हातारीचं काय करायचं, इथेच सोडली तर लांडगे खातील ते पाप कुणाच्या खाती? मी गप्प बसून ऐकत होते. टेबलावर असा वाद पेटला की डीएमला आतून गुदगुल्या होतात. वाटतं, चला, आज नुसती हाणामारी नाही, काहीतरी खरं घडलं. मी स्वतःच्या कर्तबगारीवर अशी खूश असतानाच विश्वासरावाने पेन्सिल उचलली.

"बरं, ते राहू दे. पिल्लांचे किती?"

म्हणजे एक्सपी किती. एक्सपी हे अनुभवाचे गुण. ते साठले की पात्र वरच्या पातळीला जातं, अंगात जास्त बळ येतं. मोठ्या गॉब्लिनचे पन्नास मिळतात. पिल्लांचा पुस्तकात आकडाच नाही.

"शून्य," मी म्हणाले.

"हात्तिच्या! मग चला की. भाजी गार होतेय."

सगळे हसले. मीही हसले. पिल्लं वाचली.

रात्री भाजीचा तवा घासताना मात्र माझं हसू गेलं. खरवडता खरवडता एकच गोष्ट डोक्यात घोळत राहिली. मी पंचवीस म्हणाले असते तर?

*

या खेळात प्रत्येक पात्राच्या कागदावर अलाइनमेंट नावाचा एक रकाना असतो. एका बाजूला लॉफुल, न्यूट्रल, केऑटिक. दुसऱ्या बाजूला गुड, न्यूट्रल, ईव्हिल. तीन त्रिक नऊ घरं. माणसाचा अख्खा नैतिक स्वभाव यातल्या एका घरात बसवायचा. मराठी करायला गेलं की माझी गंमत होते. लॉफुलला ‘नेमस्त’ शब्द चपखल बसतो, पण मग केऑटिकला ‘जहाल’ म्हणावं लागेल आणि टिळकांना त्या घरात ढकलावं लागेल, आणि पुण्यात राहून ते धाडस माझ्याच्याने होत नाही. लॉफुल ईव्हिल मात्र समजावून सांगावा लागत नाही. प्रत्येक सोसायटीत एक असतोच, पार्किंगची नियमावली त्याला तोंडपाठ असते.

हा रकाना आला कुठून, ते शोधायला गेले तेव्हा मला जरा धक्काच बसला. त्याचा मूळ संबंध नीतीशी नव्हताच. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये लेक जिनिव्हा नावाचं तळ्याकाठचं गाव आहे. तिथे गॅरी गायगॅक्स नावाचा गृहस्थ राहत होता. आधी विमा कंपनीत नोकरी, ती गेल्यावर घरी बसून बूट दुरुस्त करायचा, आणि उरलेला सगळा वेळ टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळायचा. १९७१ साली त्याने जेफ पेरनबरोबर ‘चेनमेल’ नावाचं मध्ययुगीन लढायांचं नियमपुस्तक काढलं. त्याला शेवटी एक पुरवणी जोडली होती, ड्रॅगन आणि जादूगार घेऊन लढायचं असेल तर. त्या पुरवणीत एक यादी आहे, लॉ, न्यूट्रल, केऑस अशी, म्हणजे कोण कुणाच्या बाजूने लढेल. संघ पाडायची यादी. बुद्धिबळातला काळा हत्ती काही पांढऱ्यापेक्षा वाईट वागलेला नसतो, तो फक्त पलीकडे उभा असतो, तसं.

१९७४ साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पहिल्या हजार प्रती काढल्या तेव्हाही घरं तीनच होती. लॉ विरुद्ध केऑस ही कल्पना पॉल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या अद्भुत कादंबऱ्यांतून आलेली. चांगलं आणि वाईट ही दुसरी पट्टी गायगॅक्सने १९७६च्या फेब्रुवारीत एका लेखातून जोडली. पुढे १९७७ ते १९७९ या काळात आलेल्या जाडजूड पुस्तकांत नऊ घरं पक्की झाली. थोडक्यात, आधी ठरलं कोण पलीकडे आहे. ते वाईट आहेत हे नंतर लिहिलं गेलं.

इथे मला आमच्या दिवाळीतला किल्ला आठवतो. लहानपणी वाड्याच्या अंगणात दगडमातीचा किल्ला करायचो, अळीव पेरायचो, आणि बाजारातून मातीचे मावळे आणायचो. महाराज मिळायचे, मावळे मिळायचे, तोफ मिळायची, डोक्यावर टोपली घेतलेली गवळण मिळायची. शत्रू मात्र कुणी विकायला ठेवत नसे. मग लढाई कुणाशी करायची? आम्ही एक पद्धत पाडली होती. मागच्या वर्षीचे जे मावळे हात तुटलेले, रंग उडालेले असत, ते शत्रू. गेल्या दिवाळीत बुरुजावर पहारा देणारा यंदा दरीत. त्याने काय केलं होतं? काही नाही. त्याचा हात तुटला होता. खेळाला पलीकडे कुणीतरी लागतं एवढंच.

पुस्तकातल्या ऑर्कचंही असंच झालेलं आहे. डुकरासारख्या तोंडाचे, हिरवट कातडीचे हे ऑर्क. १९७४च्या यादीत तो दोन घरांत सापडतो, न्यूट्रल आणि केऑस दोन्हीकडे. १९७७ साली तो लॉफुल ईव्हिल झाला. २००० साली केऑटिक ईव्हिल, तेही ‘बहुधा’ असं शेपूट लावून, कारण त्या आवृत्तीत प्रत्येक राक्षसाच्या नीतीपुढे ‘नेहमी’, ‘सहसा’, ‘बहुधा’ अशी क्रियाविशेषणं होती. म्हणजे तेवीस वर्षांत ऑर्क शिस्तबद्ध दुष्टाचा बेबंद दुष्ट झाला आणि त्याने स्वतः यात काहीच केलं नाही. सरकार बदललं की रस्त्याचं नाव बदलतं, तेवढाच त्याचा सहभाग.

*

ती गुहा मी मनाने रचली नव्हती. गायगॅक्सनेच लिहिलेलं ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ नावाचं जुनं साहस आहे. १९७९पासून ते नवशिक्यांच्या खोक्यात पुस्तकांबरोबर येत असे, त्यामुळे अमेरिकेतल्या हजारो पोरांनी हा खेळ त्याच्यावर शिकला. सरहद्दीवर एक गढी, गढीबाहेर एक घळ, घळीत गुहाच गुहा, प्रत्येक गुहेत एक जमात. गढीतले आपले, घळीतले त्यांचे. मी तेच साहस नव्या नियमांत बसवून घेतलं होतं.

पण त्या पातळ पुस्तिकेत एक गोष्ट आहे जी मला आजही विलक्षण वाटते. कोबोल्ड, ऑर्क, गॉब्लिन, प्रत्येक जमातीच्या वस्तीत गायगॅक्सने बायका आणि पोरं मोजून लिहिली आहेत. पिल्लं हल्ला करत नाहीत, असंही कुठे कुठे सांगितलं आहे. आणि पुढे? पुढे काही नाही. त्यांचं काय करायचं याबद्दल अवाक्षर नाही. दिवाणखान्यातल्या खेळात त्याने चक्क एक वस्ती आणून ठेवली, चुलीसकट, आणि नायकांच्या हातात तलवारी दिल्या. म्हणूनच ‘ऑर्कच्या पोरांचं काय’ हा प्रश्न हा खेळ खेळणाऱ्या प्रत्येक पिढीला पडला आहे. आम्ही काही कोथरूडमध्ये नवा शोध लावला नव्हता.

मला वाटायचं, गायगॅक्सने हे मुद्दाम केलं असेल. खेळणाऱ्यांना अडवायला. मग एके दिवशी त्याचं स्वतःचं उत्तर वाचनात आलं. २००५ साली, मृत्यूच्या तीन वर्षं आधी, तो इंटरनेटवर चाहत्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत असे. शरण आलेल्या दुष्टांना पॅलाडिनने मारलं तर चालेल का, असा विषय निघाला. त्याने चालेल म्हटलं, आणि आधाराला एक जुनी म्हण दिली. लिखांच्याच उवा होतात.

ही म्हण इंग्रजीत कर्नल जॉन चिव्हिंग्टन याच्या तोंडी घातली जाते. हा आधी मेथडिस्ट धर्मोपदेशक होता. २९ नोव्हेंबर १८६४ या दिवशी त्याने कोलोरॅडोत सँड क्रीकच्या काठी शायेन आणि अरापाहो लोकांच्या छावणीवर सैन्य घातलं. छावणीवर अमेरिकेचा झेंडा फडकत होता. मारले गेले त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. मुलं का मारायची याचं उत्तर म्हणजे ती म्हण.

ज्या बाईने मुलीच्या केसांतून फणी फिरवली आहे तिला ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. लीख नखावर घेऊन चिरडायची, आवाज येतो, आणि आपल्याला कसलंही वाईट वाटत नाही. म्हणीचं सगळं बळ त्या ‘वाईट वाटत नाही’मध्ये आहे. गायगॅक्स दुष्ट होता असं मला म्हणायचं नाही. बूट शिवून पोरं वाढवणारा, कल्पनेत रमणारा माणूस होता तो. पण त्याच्या सरहद्दीवरच्या गढीकडे मी त्यानंतर पूर्वीसारखं पाहू शकले नाही. त्या गढीबाहेर कोण राहत होतं ते मला आता ठाऊक होतं. आणि विश्वासराव त्या संध्याकाळी अगदी तेच बोलला होता, शब्द तेवढे वेगळे. दहा वर्षांनी चालून येतील.

*

आपल्या बाजूने पाहिलं तर हा रकाना फारच तोकडा पडतो. १९७७च्या राक्षसांच्या पुस्तकात एक खराखुरा राक्षस आहे, ‘राक्षस’ याच नावाने. भारतातून आलेला, असं लिहिलंय. चित्रात वाघाचं डोकं, अंगात झुळझुळीत झगा, आणि महाशय ऐटीत पाइप ओढत बसलेत. मंतरलेल्या क्रॉसबोच्या बाणाने मरतो. घर कोणतं? लॉफुल ईव्हिल. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोट धरून हसले, कारण आपल्याकडचा कोणता राक्षस नुसता एका घरात राहिलाय? विभीषण कुठे घालायचा? प्रल्हाद? घटोत्कच तर आपल्याच बाजूने लढून मेला, आणि त्याच्या मरणावर कृष्ण आनंदाने नाचला, ते कोणत्या घरात?

आणि बळी. पाडव्याला माझी आजी ओवाळताना म्हणायची, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." मी लहानपणी तिला विचारलं होतं, अगं पण बळी असुर ना, मग विष्णूने त्याला पाताळात घातलं ते बरोबर की चूक? ती म्हणाली, "देवाने केलं ते देवाला ठाऊक. आपण बळीचं राज्य मागायचं." तिला दोन्ही चालत होतं. वामनाची पूजाही आणि बळीचं राज्यही. कोण कुणाच्या बाजूला आहे आणि कोण भला आहे, हे दोन निराळे प्रश्न आहेत हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. गायगॅक्सच्या नऊ घरांतही खरं म्हणजे तेच अभिप्रेत असावं, म्हणून तर त्याने दोन पट्ट्या केल्या. पण टेबलावर दोन्ही पट्ट्या एकमेकींत मिसळतात आणि शेवटी उरतं ते ‘पुस्तकात काय लिहिलंय’.

पॅलाडिनच्या पतनाचीही तीच गत. जुन्या नियमांत पॅलाडिनने जाणूनबुजून एक दुष्कृत्य केलं की त्याची सगळी दैवी शक्ती कायमची गेली. एका फटक्यात. कितीतरी डीएम टपून बसायचे, कधी चुकतो आणि कधी पाडतो. मला त्यापेक्षा धर्मराजाचा रथ आवडतो. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणेपर्यंत तो जमिनीपासून चार बोटं वर चालत असे. अर्धसत्य बोलला, रथ खाली टेकला. वीज कोसळली नाही, शस्त्रं गळाली नाहीत, इतरांच्या रथांसारखाच त्याचाही रथ मातीतून चालू लागला. ही शिक्षा कुठल्याही नियमपुस्तकातल्या शिक्षेपेक्षा मला भारी वाटते.

(ऐंशीच्या दशकात अमेरिकेत याच खेळावर सैतानपूजेचा आरोप झाला, आईबापांच्या संघटना उभ्या राहिल्या, आणि १९८९च्या आवृत्तीतून डेमन, डेव्हिल हे शब्दच गाळले गेले. जगातल्या ज्या खेळात दुष्टाच्या कपाळावर दुष्ट असं लिहून ठेवलेलं असतं, नेमका तोच. असो.)

*

तवा घासताना मला छळत होता तो रकाना नव्हता, तो आकडा होता. पिल्लांना वाचवलं ते ‘ती पोरं आहेत’ या वाक्याने नाही. मारलं असतं तर ते ‘न्यूट्रल ईव्हिल’ या शब्दांनीही मारलं नसतं. रकाना फार तर परवानगी देतो. खेळ कशाचे गुण देतो त्याकडे बघायला हवं होतं, आणि मी सहा वर्षं त्याकडे पाहिलंच नव्हतं.

पाहिलं तर एक गंमत निघाली. जुन्या आवृत्त्यांत गुण मुख्यतः सोन्याचे मिळत. गुहेतून एक सुवर्णमुद्रा घरी आणली की एक एक्सपी. ऑर्क मारला तर दहा-पंधरा, त्याच्या उशाखालची दोनशे मोहरांची थैली चोरली तर दोनशे. म्हणजे हावरटपणाचा नियम. पण त्याचा परिणाम असा की शहाणे खेळाडू शक्यतो लढायचेच नाहीत. लपून जायचे, लाच द्यायचे, दोन जमातींत भांडण लावून द्यायचे, वेळ पडली तर ऑर्कशी तहही करायचे. जिवावर उदार होऊन दहा गुण कोण मिळवणार? नंतरच्या लोकांना हे लोभी वाटलं. दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे गुण ऐच्छिक झाले, पुढे २००० सालापासून गुण हे सामन्याचे. पुस्तकं सांगतात की मात केली की पुरे, मारायलाच हवं असं नाही. पण आकडा छापलेला असतो राक्षसाच्या नावापुढे, खाटकाच्या दुकानातल्या पाटीसारखा. त्यामुळे लोभ गेला आणि रक्त वाढलं. नीती सुधारायला जाऊन हे झालं, हे मला फार शिकवून गेलं.

मी ज्या कंपनीत पूर्वी होते तिथे लिफ्टबाहेरच्या भिंतीवर मूल्यं लिहिलेली होती. सचोटी, सहकार्य, आणखी काहीतरी ‘स’. पगारवाढ कशावर मिळते हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यात तिन्ही ‘स’ नव्हते. कुणी भिंतीकडे पाहायचं नाही. कुणी भिंत पुसायचंही नाही.

नव्या पुस्तकांत आता भिंत पुसणं चाललंय. २०२० साली प्रकाशकांनीच जाहीर केलं की ऑर्क आणि ड्राउ (जमिनीखाली राहणारी एक जमात) यांना जन्मजात दुष्ट दाखवणं चुकीचं होतं. २०२४च्या पुस्तकात ‘रेस’ हा शब्द गेला, ऑर्क ही खेळाडूंना निवडता येणारी प्रजाती झाली, आणि २०२५च्या राक्षसांच्या पुस्तकात ऑर्कची स्वतंत्र नोंद राहिली नाही. पन्नास वर्षांनी तो घळीतून गढीत आला. मला आनंदच आहे. जुने खेळाडू कुरकुरतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. पण ऑर्कच्या जागी दरोडेखोर आले, पंथवेडे आले, आणि त्यांच्या नावापुढे आकडे तसेच आहेत. माझ्या किल्ल्यातही तुटक्या हाताचा मावळा एखाद्या वर्षी हरवला की दुसरा कुणीतरी दरीत जायचाच.

*

मग मी सुधारणा करायला निघाले. शिकली-सवरलेली बाई हाती नियम असले की जे करते तेच. १९८५ सालचा ‘पेंड्रॅगन’ नावाचा एक सुंदर खेळ आहे, ग्रेग स्टॅफर्डचा, राजा आर्थरच्या सरदारांवरचा. त्यात चांगलं-वाईट असा रकाना नाही. गुणांच्या तेरा जोड्या आहेत, दयाळू-क्रूर, शूर-भित्रा अशा, आणि प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दया बारा असेल तर क्रौर्य आठ. माणूस वागतो तसे काटे हलतात. मला ते इतकं पटलं की मी आमच्या टेबलावर माझी गावठी आवृत्ती आणली. जीवदान दिलं की तीस एक्सपी.

पहिल्या शनिवारी सगळे भारावले. तिसऱ्या शनिवारी विश्वासराव करुणेचा महासागर झाला होता. दरोडेखोराला मरेस्तोवर हाणायचं, गुडघे टेकवायचे, आणि मग खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, "जा, तुला क्षमा केली." तीस. एकदा तर त्याने तोच दरोडेखोर पुढच्या वळणावर पुन्हा धरला आणि पुन्हा क्षमा केली.

"हा दयेवर इनपुट क्रेडिट घेतोय," मामेबहीण म्हणाली.

त्याने वहीत तीस मांडले आणि हसला. नियमात बसत होतं.

इथे विश्वासरावाबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. आमच्या पाचांत सगळ्यात हळवा माणूस तोच आहे. त्याच्या सोसायटीतल्या अकरा मांजरांची नसबंदी त्याने स्वतःच्या खिशातून केली. एकदा घरी सोडताना मी गाडीत त्याला विचारलं, बाबा रे, टेबलावर तू असा का?

तो सिग्नल सुटेपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "अगं, आठवडाभर मी दोन्ही बाजू ऐकतो. क्लायंटची, डिपार्टमेंटची, घरी आई आणि बायको. प्रत्येकाचं थोडं थोडं बरोबर असतं. शनिवारी मला एक तरी असा दे, ज्याची बाजूच नाही. त्याला मारलं की मला झोप लागते."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं, अजूनही नाही. त्याला जे हवंय ते हवंसं वाटण्यात काही पाप आहे असं मला वाटत नाही. म्हणून मी त्याच्यासाठी चालती हाडं ठेवते, थडग्यातून उठलेले राजे ठेवते, एखादा पाताळातला डेमन. त्यांना पिल्लं नसतात. तो त्यांच्यावर तुटून पडतो आणि आम्ही बाकीचे त्याच्यासाठी टाळ्या पिटतो. फक्त गॉब्लिनच्या घरी मी त्याला ती झोप देत नाही.

दयेचे गुण मी बंद केले. एकूण गुणच बंद केले. गोष्ट एका टप्प्याला आली की सगळे एकदम वरच्या पातळीला जातात. ही सोय पुस्तकातच दिलेली आहे. काही शनिवार फार नीरस गेले, हे कबूल करते. कशाचेच काही मिळत नाही म्हटल्यावर जादूगार मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचा. मग हळूहळू टेबल पुन्हा बोलायला लागलं. चांगुलपणा वाढला असं काही नाही. मागच्याच महिन्यात त्यांनी एका निरपराध नावाड्याला होडीसाठी पाण्यात ढकललं, आणि ते कुणाच्याही वहीत कुठे लागलं नाही.

यंदा पावसाळ्यात जुन्या फायली आवरायला काढल्या. कॅरेक्टर शीटं दमट झाली होती, एकेक पंख्याखाली पसरत गेले. पाकोळीचं पान पाठपोट भरलेलं. खोडून खोडून कागद झिजलेला. चोरलेल्या गोष्टींची यादी, कुलपं उघडायच्या हत्यारांची यादी, मोहरांचा हिशेब. गणिताच्या बाई आहेत, हिशेब चोख. त्या हिशेबात डाव्या बाजूला एक बारीक नोंद दिसली, आणि मग तीच खाली परत परत. उणे दोन. उणे दोन. उणे दोन. पहिली नोंद त्या पावभाजीच्या शनिवारची होती, शेवटची गेल्या आठवड्यातली. मधल्या काळात दयेचे तीस एक्सपी मिळत होते तेव्हाही ती तशीच चालू होती. तिने त्याचे गुण कधी मागितले नव्हते आणि मला कधी सांगितलंही नव्हतं. प्रत्येक नोंदीपुढे एवढंच लिहिलेलं: पिल्लं, तांदूळ.

मी पुस्तक काढून पाहिलं. किमतींच्या यादीत गहू आहे, पीठ आहे, मीठ आहे, कोंबडीसुद्धा आहे. तांदूळ नाही. भाव तिने मनानेच लावला होता, आणि गव्हाच्या मानाने चांगलाच चढा लावला होता.